उसना बुडबुडा

भैय्यालालजींना घरी सोडताना नागपूरच्या डॉक्टरांनी एकच काम सांगितलं होतं, रोज फुंकायचं. सावकाश, लांब, पोट पाठीला लागेस्तोवर. तुमसरात राइस मिल चालवून, जन्मभर कोंड्याची धूळ खाऊन त्यांची छाती पार कामातून गेली होती. दिवाळीच्या तोंडावर ती अशी अडली की पोराने, धर्मेंद्रने, त्यांना गाडीत घालून थेट नागपूर गाठलं. परत आले ते अंगाने अर्धे होऊन आणि भिऊन. भ्यालोय, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. भर यार्डात हमालांना शिव्या घालणारा माणूस असं सांगतो थोडंच! पण गादीवर पडल्या पडल्या ते आत गेलेला श्वास बाहेर येतो की नाही यावर पाळत ठेवून असत, आणि तो आला की दरवेळी त्यांना नवल वाटे.

श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्याने तीन रंगीत गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. भैय्यालालजींनी ते एकदा पाहिलं आणि "मी का लहान लेकरू हाओ?" म्हणून बाजूला सारलं. घरात जे खरोखर लहान लेकरू होतं, चार वर्षांचा नातू मोनू, त्याने ते ताब्यात घेतलं आणि गोळ्या मोरीत घालवल्या.

शेवटी उपाय काढला सुनेने. हर्षा शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तेवढ्याने भागत नसल्यासारखी रविवारी घरीही शिकवायची. लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहिणं, पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घालणं, असले उद्योग त्या घरात नेहमीचे. ती म्हणाली, "मामाजी, लेकरांसोबत बुडबुडे फुंका. तुमचा व्यायाम होते, यांचं विज्ञान होते." आणि आंगणात साबणाच्या पाण्याची घमेली आणि तारेचं एक कडं आणून ठेवलं.

फुंकायला भैय्यालालजींना आवडलं. तसं त्यांनी कबूल केलं नाही, पण सकाळचा चहा होताच ते आंगणात जाऊन बसू लागले. आठ वर्षांची रीना, मोनूची बहीण, प्रत्येक बुडबुड्यावर "काहून?" विचारी. गोलच काहून, रंगीत काहून, फुटतेच काहून. हर्षा सांगे की साबणाच्या दोन पातळ पापुद्र्यांच्या मधात पाणी असते, पोळीच्या दोन पदरांत तूप असते तसं. ते पाणी खाली उतरलं, सुकलं, की पापुद्रा फाटला. कोरडं बोट लावलं तर फुटते, ओलं बोट लावलं तर बहुतेक नाही फुटत. रीनाने बोट भिजवून करून पाहिलं, खरं निघालं, आणि तेव्हापासून ती घरभर ओली बोटं घेऊन हिंडू लागली.

मोनूला विज्ञानाशी काही घेणंदेणं नव्हतं. तो बुडबुड्यामागे धावे, आणि बुडबुडा फुटला की जमिनीवर बसून भोकाड पसरे. दुसरा दिला तर म्हणे, हा थो नोहे. नातवाचं रडणं भैय्यालालजींना मुळीच सहन होत नसे. त्यातून डोळ्यांदेखत माल फुटतोय, हे तर कोणत्याच मिलवाल्याला सहन होत नाही.

"कच्चा हाय थो, म्हणून फुटून राहिला," ते एके सकाळी म्हणाले. "उसना करा लागते."

हे फक्त तुमसरातच कोणाला सुचू शकतं. कच्चं धान मिलमध्ये घातलं तर दाणा फुटून कणी होते. तेच धान आधी भिजवलं, वाफवलं, बेताने वाळवलं, की झाला उसना तांदूळ. मग तो कसाही भरडा, दाणा अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. भैय्यालालजींचा या प्रक्रियेवर देवाइतका विश्वास होता. त्यांनी साबणाचा चुरा रात्रभर भिजत घातला, सकाळी वाफवला, उसन्या तांदळाचा दाट मांड त्यात ओतला आणि घमेली उन्हात वाळवायला ठेवली.

"आता साबण शिजवून राहिले बाप्पा," चंद्रकलाबाई, त्यांच्या पत्नी, शेजारच्या शकुनबाईला कुंपणावरून म्हणाल्या. "नागपूरच्या गोळ्या लागल्या नाई वाट्टे."

हर्षा म्हणाली, "मामाजी, मांडानं थोडा जास्त टिकन. पण फुटन तं खरं."

"तू बीएस्सी हायस, मी मिलवाला हाओ," भैय्यालालजी म्हणाले आणि कड्यातून फुंकले.

सावकाश, लांब, पोट पाठीला लागेस्तोवर फुंकले. कोहळ्याएवढा बुडबुडा निघाला. आंगणात एक गिरकी घेऊन तो उघड्या दारातून पुढच्या खोलीत शिरला आणि ट्यूबलाइटच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या जरासा वर, थांबला. सगळे फुटायची वाट बघत उभे राहिले. मोनूने रडायला तोंडही उघडून ठेवलं होतं. चहा झाला, जेवणं झाली, शाळेतून पोरं परत आली. बुडबुडा होता तिथेच होता.

दुसऱ्या दिवशीही होता. हर्षाने आधी डोळे चोळले, मग जुनी पुस्तकं काढली, मग पुस्तकं मिटून ठेवली. "असं होत नाही," ती बुडबुड्याकडे बघून म्हणाली. बुडबुड्याने काही मनावर घेतलं नाही.

बाजारात बातमी गेली, तसा अडत्या टेकचंद आला. हा भैय्यालालजींचा जुना सोबती. तो कुठेही जाताना हातात परखी घेऊन जायचा, म्हणजे पोत्यात खुपसून आतलं धान काढून बघायची ती लोखंडी अणकुचीदार नळी. बारशालासुद्धा न्यायचा. त्याने बुडबुड्याला एक चक्कर मारली, डोळे बारीक केले आणि सवयीने परखी उचलली.

"टेकचंद!" भैय्यालालजी ओरडले.

"खुपसल्याबिगर माल कसा समजन भाऊ?" टेकचंद हिरमुसून म्हणाला. मग त्याने धानाचा ओलावा मोजायचं यंत्र खिशातून काढून बुडबुड्याखाली धरलं, आकडा वाचला आणि मान डोलावली. "ओलावा बरोबर हाय. तुकडा पडत नाई." भैय्यालालजींची छाती अभिमानाने फुगली, जेवढी तिच्याच्याने फुगत होती तेवढी.

इथवर सगळं मजेचं होतं. बिघाड केला शकुनबाईने. ती बघायला आली, पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, अंदर हवा कोणाची हाय?"

"माहीच तं हाय. मीच फुंकला."

"मंग जपा बाप्पा. तुमचा श्वास कोंडला थ्यात. थो गेला का..." आणि पुढचं न बोलता ती दळण आणायला निघून गेली.

भैय्यालालजी हसले. हसून झाल्यावर खोकले, आणि खोकताना त्यांची नजर वर गेली. डॉक्टर म्हणाले होते, छातीत फार शिल्लक नाही, जपून वापरा. आणि आपण तर एवढा मोठा श्वास एकरकमी त्या साबणात घालून बसलो. तो जाईल त्या दिवशी आपण जाऊ. हे त्यांना एकदा वाटलं आणि मग कशानेही जाईना. हॉस्पिटलपासून जी भीती छातीत इकडेतिकडे फिरत होती, तिला आता ट्यूबलाइटखाली हक्काची जागा मिळाली.

मग घराला नियम लागले. पंखा बंद. टीव्ही बंद, कारण आवाजाने पापुद्रा थरथरतो. स्वयंपाकात फोडणी बंद, कारण मोहरी तडतडते आणि एखादी उडाली तर. जेवायला उकडलेली भाजी आणि साधं वरण. बुडबुडा सुकू नये म्हणून खिडक्यांना ओला बारदाना लावला, त्यामुळे खोलीत अंधार झाला. माशी-डास बसू नये म्हणून चंद्रकलाबाईंनी दाराशी कडुलिंबाचे डगळे, पाल्याच्या फांद्या, ठेवले. रीनाचं विज्ञान होतंच, कोरडा हात लागला तर फुटते. म्हणून उंबऱ्याजवळ पाण्याची बादली आली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हात ओले करूनच आत यायचं ठरलं. भैय्यालालजी स्वतः सतरंजीवर बुडबुड्याच्या बरोबर खाली बसून राहिले. मिलवर जाईनात. मोठ्याने बोलेनात. फुंकणं तर त्यांनी सोडूनच दिलं. होता तेवढा श्वास पुरवून वापरायचा होता.

पोरांचे बुडबुडे त्यामुळे बंद पडले. मोनू दारातून डोकावून बघे, पण त्याला धावायची मनाई होती. रीना मात्र आत येऊन आजोबांसमोर मांडी घालून बसली.

"आबाजी, थो फुगवल्यावर तुम्ही अजून श्वास सोडले ना?"

"सोडले."

"मंग थे कोणाचे होते?"

भैय्यालालजींनी विचार केला. मग ते म्हणाले, "जाय, अभ्यास कर." पण प्रश्न काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. उलट आता ते प्रत्येक श्वास अर्धाच सोडू लागले आणि उरलेला आत दाबून ठेवू लागले. चेहरा त्यामुळे निळसर दिसे.

हर्षा रागावली, रडकुंडीला आली. "मामाजी, बुडबुड्यात फक्त हवा हाय. तुम्ही असे श्वास कोंडून बसले तं खरंच काही होईन!" त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. धर्मेंद्र धानाच्या कामाने गोंदियाला गेला होता. तो असता तर त्याने बापाला उचलून बाहेर नेलं असतं, पण तो नव्हता.

आता आपलं तुमसर. दारात पाण्याची बादली, बाजूला कडुलिंबाचा डगळा. आत अंधार, टीव्ही बंद, फोडणीचा वास नाही. लोक हात ओले करून आत जातायत आणि जमिनीवर चुपचाप बसून बाहेर येतायत. घरचा म्हातारा नुकताच नागपूरच्या दवाखान्यातून आलेला, आणि ऐन हंगामात मिलवर दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाने याचा काय अर्थ काढायचा? जो काढायचा तोच काढला. दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की भैय्यालालजी गेले.

भैय्यालालजींना हे कळलं ते मिल बंद पडली तेव्हा. घराच्या मागेच मिल. जन्मभर कानात वाजणारी, बुडबुड्यासाठीही त्यांनी बंद न केलेली तिची घरघर एकदम थांबली. मालक गेले म्हणून हमालांनी पट्टे उतरवले होते. ऐन हंगामात मिल बंद! त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, बुडबुड्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. ओरडण्यात किती श्वास जातो हे आता त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात टेकचंद आला, डोक्याला पंचा गुंडाळून, आणि सोबत दोन माणसांच्या खांद्यावर हिरवे बांबू. उंबऱ्यात भैय्यालालजींना मांडी घालून बसलेलं बघून तो थबकला.

"तुम्ही तं जितेच हा!" तो म्हणाला. आवाजात आनंद होता, पण अडत्याची निराशाही होती. "आंबागडच्या जंगलातला एक नंबर माल आणला होता, सरळसोट. जाऊ द्या. आणला तं ठेवून घ्या, कधी ना कधी लागनच." आणि बांबू भिंतीशी टेकवून, हात ओले करून तो आत येऊन बसला.

पाठोपाठ आंबागडहून सत्यभामाबाई आल्या, भैय्यालालजींची धाकटी बहीण. टेम्पोतून उतरल्या त्याच हंबरडा फोडत. "माह्या दादा रेऽऽ, मले न सांगता कसा गेला रेऽऽ!"

"हळू व सत्यभामा," भैय्यालालजी कुजबुजले. "फुटन ना थो."

सत्यभामाबाई थांबल्या. भावाकडे पाहिलं, बुडबुड्याकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं. मग बादलीत हात भिजवून भावासमोर बसल्या आणि डोळे पुसले. "आता आलीच हाओ तं रडून जातो," त्या म्हणाल्या. "माह्ये गुडघे हे असे. तू खरंच जाशीन तवा मले येता येते का नाई, कोणाले माहीत."

चंद्रकलाबाईंना हे पटलं. असले गुडघे घेऊन आलेली नणंद, तशीच कशी पाठवायची? त्यांनी तिला पाणी दिलं आणि स्वतःही शेजारी टेकल्या. मग सत्यभामाबाई हलक्या आवाजात रडू लागल्या. एकेक गुण काढून रडायची आपल्याकडे पद्धत, तसं. दादाने आपल्याला खांद्यावर बसवून आंबागडचा किल्ला दाखवला. दादाने सासरी सायकल पाठवली.

"सायकल मामानं, केशवरावनं, देल्ली होती," भैय्यालालजींनी मधेच सुधारलं.

"मधात बोलू नोको. मेलेला माणूस बोलत असते का?"

भैय्यालालजी मग ऐकत बसले. खोलीत बाजारातली माणसं दाटीने बसली होती. सगळे त्यांच्यासाठी आले होते, आणि त्यांचं त्यांनाच आपल्या जाण्याचं इतकं वाईट वाटलं की ते बहिणीचा हात धरून म्हणाले, "मले भेव वाटते व सत्यभामा. लई भेव वाटते. थो फुटला का मी गेलो." इतक्या दिवसांत हे त्यांनी पहिल्यांदाच कोणापुढे बोलून दाखवलं. बहीण मात्र आता खरीखुरी रडायला लागली, आणि त्या रडण्याला आवाज नव्हता.

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजार जेवण घेऊन येतो. शकुनबाईने तेच केलं. जिवंत-मेलेल्याच्या चौकशीत न पडता तिने गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, पिठलं केलं आणि चुलीवरून उतरवून तसंच, रटरटत, खोलीच्या दाराशी आणून ठेवलं. इतक्या दिवसांनी फोडणीचा वास घरात शिरला. दारात उभ्या मोनूला तो आधी आला. उकडलेल्या भाजीला तो कंटाळला होता. सगळ्यांची तोंडं बुडबुड्याकडे होती. त्याने गंजात हात घातला.

जी किंकाळी उठली ती बुडबुडा फुटल्यावरच्या रडण्यासारखी नव्हती. भैय्यालालजी सतरंजीवरून उठले ते कोणी पाहिलं नाही. दिसले ते थेट दारात, मोनूला कडेवर घेतलेले. "बादली! बादली सरकव!" ते गरजले. यार्डात गरजायचे तसे गरजले. हर्षा धावली, दोघांनी मिळून मोनूचा हात पाण्यात बुडवला. पिठलं सुटून वर आलं. बोटं लाल झाली होती. मोनूचा श्वास रडून रडून अडकला होता, तोंड उघडं आणि आवाज नाही.

"रड माह्या राजा, रड," भैय्यालालजी म्हणाले, आणि त्यांनी तो इवलासा ओला हात तोंडाशी धरून फुंकर घातली. मग दुसरी. मग तिसरी. पाण्यात बुडव, फुंक, पाण्यात बुडव, फुंक. छाती शिट्टीसारखी वाजत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, खोकला येत होता तो गिळून ते पुन्हा फुंकत होते. टेकचंद म्हणाला, "भाऊ, दमान घ्या." चंद्रकलाबाई म्हणाल्या, "माह्याकडे द्या त्याले." भैय्यालालजींना काहीही ऐकू गेलं नाही. मोनूचा आवाज परत आला आणि तो रडू लागला, तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल पडले. पण फुंकणं चालूच होतं.

"आबाजी," रीना मागून म्हणाली. "बुडबुडा."

सगळ्यांनी वर पाहिलं. ट्यूबलाइटखाली काही नव्हतं. सतरंजीवर, जिथे भैय्यालालजी बसायचे तिथे, एक ओला डाग होता, बस. कधी फुटला, किंकाळीने फुटला की गरजण्याने की आपणहून, कोणालाही सांगता आलं नाही. एवढ्या माणसांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

मग सगळ्या माना भैय्यालालजींकडे वळल्या. सत्यभामाबाईंनी पदर दातात धरला. टेकचंदने नकळत बांबूकडे पाहिलं. शकुनबाई तर देवाचं नाव घेऊन मोकळी झाली. खोलीत फक्त म्हाताऱ्याची छाती ऐकू येत होती, आत, बाहेर, आत, बाहेर, शिट्टी वाजवत.

"काय पाहून राहिले बे?" भैय्यालालजी मान वर न करता म्हणाले. "मलम आणा कोणी. अन् ते मिल काहून बंद हाय? तुमचा बाप मेला का?"

मोनूचं रडणं आता हुंदक्यांवर आलं होतं. त्याने डोळे उघडले, आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुन्हा पुढे केला.

"अजून दुखते का रे?"

"नाई."

"मंग?"

"मंग बी फुंक."

भैय्यालालजींनी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला, आणि तो सगळाच्या सगळा त्या चार बोटांवर खर्च केला.